नेस्टरने सांगितलेली करी

"खोबरं भाजू नकोस," पप्पा म्हणाले.

आई गॅससमोर उभी होती. तवा तापला होता आणि सुक्या खोबऱ्याचे काप तिच्या हातात होते. ती वळली. मी खाली बसून कांदे सोलत होते, मीही मान वर केली. पप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अंगात गंजी, खाली लुंगी आणि हातात कापडी पिशवी. पिशवीतून दोन गाजरं आणि एक लाल ढोबळी मिरची डोकावत होती. ती त्यांनी सकाळीच बाजारातून आणली होती. घरी परत येऊन त्यांना चार महिने होत आले होते आणि एकटे घराबाहेर पडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"मग कोंबडी करू कशी?" आईने विचारलं.

"मी करतो."

एरवी आई हसली असती. एकोणीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःचा चहासुद्धा कधी केला नव्हता. पण ती हसली नाही. तिने तवा खाली उतरवला, खोबऱ्याचे काप डब्यात परत टाकले आणि ओट्यापासून दोन पावलं बाजूला झाली.

माझे वडील अनंत शिवलकर मालवाहू जहाजावर ऑइलर होते, म्हणजे इंजिनरूममध्ये तेलपाणी बघायचे. आमचं घर रत्नागिरीत, मुरुगवाड्यात. नऊ महिने पप्पा समुद्रावर आणि तीन महिने घरी, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मी दहावीत असताना सोमालियाच्या बाजूला त्यांचं जहाज चाच्यांनी पकडलं. जहाजावर एकवीस माणसं होती. नऊ महिने त्यांना धरून ठेवलं. त्या नऊ महिन्यांत आई आणि मी किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो आणि किती साहेबांनी "प्रयत्न चालू आहेत" म्हणून आम्हाला परत पाठवलं, ती गोष्ट वेगळी. शेवटी ते सुटले. विमानतळावर बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट हँगरला अडकवल्यासारखा दिसत होता.

आम्हाला वाटलं, आता घरचं खातील, दोन महिन्यांत उभे राहतील. आईने काय काय केलं नाही! सुरमईचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं, कोंबडी-वडे. पप्पा दोन घास खायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि वाटी हळूच बाजूला सारायचे. मग नुसता भात घ्यायचे आणि त्यावर मीठ. बोलणंही तेवढंच. मला तर त्यांची थोडी भीती वाटायची. दार जोरात आपटलं की ते दचकून भिंतीला पाठ लावून बसायचे आणि मग मलाच लाज वाटायची.

आदल्या संध्याकाळी आईचा बांध फुटला होता. तिने पळी ताटलीत ठेवली आणि म्हणाली, "अहो, मला एकदा सांगा, तुम्हाला खावंसं काय वाटतं? जगाच्या पाठीवर कुठलंही असू दे. येत नसेल तर शिकेन. पण हा मीठ-भात मला बघवत नाही आता."

पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आहे एक," ते म्हणाले. "पण ते मी कधी खाल्लेलं नाही."

एवढंच बोलून ते उठले होते. आणि आता रविवारी सकाळी हे असे पिशवी घेऊन दारात उभे होते.

"बटाटे आधी," पप्पा म्हणाले. "मोठे तुकडे. तेलात टाकायचे, कडा लाल होईपर्यंत. आत कच्चे राहिले तरी चालतात, नंतर शिजतात."

ते आठवून आठवून बोलत नव्हते. शाळेतली कविता म्हणून दाखवावी तसं धडाधड बोलत होते. मी बटाटे सोलून दिले. त्यांनी ते चिरले, वेडेवाकडे, एक लिंबाएवढा तर एक पेरूएवढा. आई बघत होती. तिचे हात शिवशिवत होते, पण तिने सुरी मागितली नाही.

"आता गाजरं. तीही अशीच तळून काढायची."

"कोणी शिकवलं हे?" आईने विचारलं.

"नेस्टरने."

घरी आल्यापासून त्यांच्या तोंडून जहाजावरच्या माणसाचं हे पहिलंच नाव. आईने माझ्याकडे पाहिलं. मी कांदा चिरायला घेतला, उगाच, काहीतरी हातात असावं म्हणून.

"कोण हा नेस्टर?"

"फिटर होता आमचा. फिलिपिन्सचा. इलोइलो म्हणून गाव आहे, तिथला." पप्पा झाऱ्याने बटाटे उलटत होते. "वर ब्रिजवर, जहाज चालवतात त्या खोलीत, सगळ्यांना जमिनीवर बसवून ठेवलं होतं. प्रत्येकाची जागा ठरलेली. त्याची माझ्या बाजूला."

"तो जेवण करायचा?"

"नाही गो, फिटर तो. पण रविवार आला की करी करायचा. कोंबडीची."

"तिथे कोंबडी मिळायची?" मी विचारलं.

पप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तिथे मूठभर भात मिळायचा. कधी तोही नाही. तो तोंडाने करायचा करी. मला सांगत सांगत. एका रविवारी बटाटे तळून झाले की थांबायचा. म्हणायचा, घाई करायची नाही, शिवा. आज संपवली तर पुढच्या रविवारी काय खायचं?"

शिवलकरचं त्याने शिवा केलं होतं.

मग पप्पा पुन्हा कढईकडे वळले. आई मात्र जागची हलली. तिने फडताळातून जाड बुडाचा टोप काढला, धुतला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"लसूण, आलं, कांदा," पप्पा म्हणाले. "याच क्रमाने. लसूण ठेचायची, वाटायची नाही."

"कोंबडीला वाटण नाही?"

"नाही."

"तिखट?"

"नाही. मिरपूड, तीही थोडी."

"मग त्या कोंबडीला चव कसली येणार, कपाळाची?"

"पिवळी पूड घालायची. तिथे छोट्या पाकिटात मिळते. करी पावडर. दोन पाकिटं."

"करी पावडर म्हणजे काय असतं?"

ते पप्पांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, आपलेच मसाले तिकडे एकत्र करून विकतात बहुतेक. आईने डोळे बारीक केले. मग मसाल्याचा डबा उघडला. हळद घेतली भरपूर, धणे, जिरं, चार मेथीदाणे, थोडी बडीशेप, मिरी. खलबत्त्यात कुटून चिमूट नाकाशी नेली आणि पप्पांपुढे धरली.

"असा वास?"

"मला काय माहीत? मी वास कुठे घेतलाय?"

"त्याने काही तरी सांगितलं असेल ना!"

पप्पांनी विचार केला. "म्हणाला होता, दोन दिवस बोटांना पिवळा रंग राहतो आणि शेजारणीला कळतं घरात काय शिजलं ते."

आईने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "मग हेच," ती म्हणाली.

खरी गंमत पुढे झाली. लसूण, आलं, कांदा परतून झाला, कोंबडीचे तुकडे टोपात पडले आणि पप्पा म्हणाले, "आता मीठ नाही घालायचं. मासळीचं पाणी."

"काय?"

"मासळी मिठात मुरवत ठेवतात. तिला जे पाणी सुटतं ते. बाटलीत मिळतं तिकडे."

"कोंबडीत मासळीचं पाणी?" आईचा आवाज वर गेला. "सात पिढ्यांत कोणी ऐकलंय का? पाहुणे जेवायला आले तर काय सांगू त्यांना?"

"पाहुणे नाहीयेत," पप्पा म्हणाले.

आई मागच्या पडवीत गेली. बरणीतला एक खारा बांगडा घेऊन आली, तो भांडंभर पाण्यात घालून उकळला, पाणी गाळलं आणि चमच्याने चाखून तोंड वाकडं केलं. "घ्या. तुमच्या नेस्टरला सांगा, आमच्याकडे बाटली नसते."

बोलून गेली आणि तिला काहीतरी जाणवलं असावं. तिने पप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी चार चमचे पाणी मोजून टोपात घातलं आणि ढवळत राहिले.

वास मात्र हळूहळू बदलला. आधी नुसता मासळीचा, मग आल्याचा, मग दोन्हींच्या मधलाच एक. मी तोपर्यंत ओला नारळ खवला होता. पप्पा म्हणाले, "रस दोनदा काढायचा."

"ते मला नका सांगू," आई म्हणाली. आता तिने पदर खोचला होता. "पहिला दाट, दुसरा पातळ. पातळ आधी घालायचा, दाट मागून. शेवयांच्या रसाला मी काय वेगळं करते?"

"हो. तेच. तोही असंच म्हणाला होता."

पातळ रसात कोंबडी शिजली. मग तळलेले बटाटे आणि गाजरं आत गेली. रटरट आवाज येऊ लागला. रस पिवळा झाला होता, झेंडूसारखा. ढोबळी मिरचीचे लांबट तुकडे ताटलीत तयार होते. दाट रस पातेलीत झाकून ठेवला होता. आईने झाकण काढलं आणि पातेली पप्पांच्या हातात दिली.

पप्पा पातेली धरून उभे राहिले.

"घाला ना," आई म्हणाली.

ते तसेच उभे. मला वाटलं, रस नासेल म्हणून घाबरलेत. आईने पातेली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली. गॅस बंद केला.

"काय झालं?"

"पुढचं मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"त्याने इथपर्यंतच सांगितलं." पप्पा खाली बसले, मी सोललेल्या कांद्याच्या सालांशेजारी. "त्या रविवारी तो म्हणाला, आता दाट रस हातात घे, शिवा, आणि नीट ऐक. आम्हाला दोन दिवस खायला काही दिलं नव्हतं. पोटात पीळ पडत होता नुसता. आणि याचं आपलं चालूच, रस आणि मिरची. मी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, पुरे! तोंड बंद कर. तुझी करी नको, तुझं घर नको, मला काही ऐकायचं नाही."

"मग?" आईने हळूच विचारलं.

"मग त्याने बंद केलं. रागावला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. बुधवारी त्याला ताप भरला. डोळे पिवळे झाले. औषध नव्हतं. शनिवारी मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, नेस्टर, सांग रे पुढे. दाट रस घेतलाय हातात, आता काय करू? त्याला शुद्ध नव्हती. रविवारी पहाटे गेला."

टोप अजून आतल्या आत धुमसत होता.

आई त्यांच्यासमोर खाली बसली. "पुढे काय असणार?" ती म्हणाली. "आच मंद करायची, मिरची टाकायची, दाट रस घालायचा, उकळू द्यायचा नाही. मी डोळे मिटून सांगते."

"असेलही. पण ते तू सांगतेयस."

आईने कांद्याची सालं गोळा केली. मग तिने विचारलं, "बायको आहे त्याला?"

"मारिबेल. एक मुलगी आहे. आपल्या या केतकीच्याच वयाची."

"तिला फोन केलात?"

पप्पा उठले. आत जाऊन पाकीट घेऊन आले आणि त्यातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. कुठल्या तरी खोक्याचा फाडलेला. त्यावर पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते, घामाने अर्धे पुसट झालेले.

"जो आधी सुटेल त्याने दुसऱ्याच्या घरी फोन करायचा, असं ठरलं होतं आमचं. त्याच्याजवळही आपला नंबर होता."

"चार महिने झाले तुम्हाला येऊन."

"काय सांगू तिला? तुझ्या नवऱ्याशी माझं शेवटचं बोलणं काय झालं, ते?"

आईने पदराला हात पुसले, तो पुठ्ठा घेतला आणि माझ्या हातात दिला. "केतकी, लाव फोन. तुझं इंग्रजी कधी कामाला यायचं?"

"पप्पा नको म्हणतायत."

"नको म्हणालेले नाहीत ते."

मी पप्पांकडे पाहिलं. खरंच, ते नको म्हणाले नव्हते. ते फक्त भिंतीला पाठ लावून बसले होते.

पहिल्यांदा फोन लागला नाही. एक आकडा तीन आहे की आठ, ते कळत नव्हतं. मी आठ करून पाहिलं. रिंग वाजायला लागली, आपल्याकडच्यापेक्षा वेगळी, लांब लांब. मग एका बाईचा आवाज आला. मी आयुष्यात कधी एवढं घाबरत इंग्रजी बोलले नव्हते. म्हटलं, मी इंडियातून बोलतेय, माझे वडील नेस्टरबरोबर जहाजावर होते.

मग तिने विचारलं, "तुझ्या वडिलांचं नाव शिवा आहे का?"

मी हो म्हटलं. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून फोनचा स्पीकर लावला आणि तो पप्पांसमोर जमिनीवर ठेवला. ती पुढे बोलत होती. चाच्यांनी नेस्टरला एकदाच घरी फोन करू दिला होता, दोन मिनिटांसाठी. "तो म्हणाला, इथे माझ्या बाजूला शिवा म्हणून एक जण आहे, तो माझं सगळं ऐकून घेतो. मी तुमची वाट बघत होते. कंपनीकडे तुमचा नंबर मागितला, त्यांनी दिला नाही."

मी आईला ते मराठीत सांगितलं. आईने तोंडाला पदर लावला.

पप्पा फोनवर वाकले. त्यांचं इंग्रजी जहाजावरचं, तुटक, क्रियापदं खाऊन टाकणारं. पण त्या इंग्रजीत त्यांनी तिला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ओरडलो ते सांगितलं, तोंड बंद कर म्हटलं ते सांगितलं, खांद्यावरचा हात सांगितला. सांगून झाल्यावर ते सॉरीसुद्धा म्हणाले नाहीत. नुसते थांबले, जसं काही आता तिने जे द्यायचं ते द्यावं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मीही त्याला हेच सांगायचे."

पप्पांनी मान वर केली.

"रोज सांगायचे. तो सुट्टीवर घरी आला की त्याचं तोंड एक मिनिट बंद नसायचं. मी म्हणायचे, नेस्टर, पुरे, माझं डोकं उठलं. मग तो हसायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचा. तुम्ही ओरडलात म्हणून त्याला वाईट वाटलं नसणार, शिवा. त्याला सवय होती." थोडं थांबून तिने विचारलं, "त्याने काय काय सांगितलं तुम्हाला करीचं? मला सांगा. सगळं सांगा."

पप्पा सांगायला लागले. बटाटे आधी, मोठे तुकडे, कडा लाल होईपर्यंत. ती पलीकडून "हो" म्हणाली. मग गाजरं. "हो." लसूण ठेचायची, वाटायची नाही. "हो, हो." पिवळी पूड दोन पाकिटं आणि दोन दिवस बोटं पिवळी. इथे तिचा आवाज फुटला. "बोटांचंसुद्धा सांगितलं?"

"सगळं सांगितलं. म्हणाला, दर रविवारी मी घरी हे करतो."

"कोण करतो?"

"नेस्टर. तो स्वतः."

पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला आणि मग ती हसायला लागली. रडता रडता हसत होती की उलट, ते कळत नव्हतं. "नेस्टर? अहो, त्याला अंडं उकडता येत नव्हतं! एकदा भात लावायला सांगितला तर भांडंच फेकून द्यावं लागलं. करी मी करायचे. तो चुलीशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि विचारायचा, मारी, आता काय टाकलंस? आता काय? मला वाटायचं, उगाच बडबड करतोय. माझं लक्षही नसायचं त्याच्याकडे." ती थांबली. "त्याने एवढं बघून ठेवलं होतं?"

पप्पांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसत नव्हते. "काहीच चुकलं नाही?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. मी करते तस्सं आहे."

मी आईला हे सांगितलं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "विचार तिला, दाट रसाचं काय करायचं." मी विचारलं. मारिबेल म्हणाली, आधी मिरची घालायची, दोन मिनिटं ठेवायची, मग आच अगदी लहान करून दाट रस घालायचा, उकळू द्यायचा नाही, झालं. आईने पप्पांकडे पाहिलं. मी म्हटलं नव्हतं का, असं ती सहज म्हणू शकली असती. म्हणाली नाही. तिने गॅस पेटवला आणि म्हणाली, "उठा. तुमचं तुम्ही घाला."

पप्पांनी मिरची घातली. दोन मिनिटं आम्ही तिघं टोपाकडे बघत उभे होतो आणि चौथी फोनवर होती. मग त्यांनी दाट रस ओतला. थोडा रस ओट्यावर सांडला. पिवळ्या रसात पांढरी रेघ उमटली आणि ढवळल्यावर विरून गेली.

पुढे बऱ्याच गोष्टी झाल्या. पप्पा पुन्हा जहाजावर गेले नाहीत. मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायला लागले, ते आजही करतात. रात्रीचं दचकून उठणं पुढेही दोन-तीन वर्षं चाललं, ते काही एका जेवणाने जाणारं नव्हतं. आई आणि मारिबेल यांची मैत्री झाली, दोघींना मिळून एकही समान भाषा नसताना, आणि सुरुवातीला त्यात मधे मीच भरडले गेले. मारिबेलची मुलगी आता नर्स आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही फक्त ताटं घेतली.

"फोन ठेवू नका," मारिबेल म्हणाली. "आधी खा. कशी झालीय ते मला सांगा."

फोन ताटांच्या मधे ठेवला. पप्पांनी भातावर करी घेतली, एक बटाटा घेतला, कोंबडीचा तुकडा घेतला. पहिला घास तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले. आई जेवायची विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मीही. पलीकडे एक कोंबडा आरवला, कुठल्या तरी मुलाने हाक मारली आणि पुन्हा शांत झालं.

"शिवा," ती म्हणाली, "नेस्टरने सांगितली होती तशी झालीय का?"

पप्पांनी घास गिळला. त्यांना खोटं बोलता येत नाही, आजही येत नाही.

"नाही," ते म्हणाले. "चांगली आहे. पण त्याने सांगितली होती तेवढी चांगली नाही झाली."

मला वाटलं, तिला लागलं असेल. पण पलीकडून तिचा हळू आवाज आला. "माझीही कधी तेवढी चांगली झाली नव्हती," ती म्हणाली.

पप्पा मान खाली घालून हसले. मग पुढचा घास घेतला, मग त्याच्या पुढचा.

"काय म्हणाली?" आईने मला विचारलं.

मी तिला मराठीत सांगितलं. आईने थोडा वेळ ते मनात घोळवलं. मग पळीभर करी पप्पांच्या ताटात वाढली.

"शहाणी बाई आहे," ती म्हणाली.